कोळ्यांची खाणावळ का सापडत नाही?

माझा पीएचडीचा विषय मुंबईतल्या खाणावळी आहे हे कळलं की समोरचा माणूस दोन सेकंद गंभीर चेहरा करतो आणि मग विचारतो, "बरं, मग चांगलं मालवणी कुठे मिळतं ते सांग!" आधी मला याचा राग यायचा. आता येत नाही. कारण चांगलं अमुक कुठे मिळतं हा प्रश्न नीट विचारला तर तो थेट माझ्या प्रबंधात येऊन पोचतो. अमुक लोकांचं जेवण या शहरात विकत का मिळतं? आणि तमुक लोकांचं का मिळत नाही?

एक खेळ खेळून बघा. मुंबईत कुठल्या समाजांचं जेवण हॉटेलात मिळतं त्याची मनातल्या मनात यादी करा. उडपी, इराणी, मालवणी, मंगळुरी, गोमंतकी, बोहरी, पंजाबी, सिंधी... पटापट नावं येतील, आणि प्रत्येकासाठी एखादी जागाही. आता मुंबईचे सगळ्यात जुने रहिवासी घ्या: कोळी, ईस्ट इंडियन, पाठारे प्रभू. यांचं कुठे जेवलात? बहुतेक जण इथे अडखळतात. "मैत्रिणीच्या घरी", "वेसाव्याच्या फेस्टिवलमध्ये", "एक काकू ऑर्डर घेतात" अशी उत्तरं येतात. ईस्ट इंडियन बॉटल मसाला विकत मिळतो, पण तो मसाला घालून शिजवलेलं जेवण मिळेल असं हॉटेल शोधायला शहर पालथं घालावं लागतं. प्रभूंच्या भुजण्याचीही तीच गत.

म्हणजे जे इथलेच, त्यांची हॉटेलं जवळजवळ नाहीत, आणि जे बाहेरून आले त्यांची गल्लोगल्ली. हे उलटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण १९२१ च्या जनगणनेचे आकडे बघितले की कोडं अर्धं सुटतं. त्या वर्षी मुंबईतल्या दर पाच माणसांतली चाराहून जास्त शहराबाहेर जन्मलेली होती, आणि दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. या शहरातले लाखो पुरुष घर गावाला ठेवून आले होते. चूल गावाला, पोट इथे. हॉटेल आणि खाणावळ या फटीतून उगवली. कोळ्याला खाणावळ लागली नाही, कारण त्याचं घर चार पावलांवर होतं. शिवाय कोळीण मासे कच्चे विकूनच पैसे कमवत होती. तिने ते शिजवून कशाला विकायचे?

खाणावळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपण आज हा शब्द स्वस्त हॉटेल अशा अर्थाने वापरतो आणि त्यात मूळ गोष्ट हरवते. गिरणगावात खाणावळ म्हणजे दुकान नव्हतं. ती चाळीतली एक खोली होती, दहा बाय बाराची म्हणा, आणि त्या खोलीत एक बाई होती. अनेकदा कामगाराची बायको, कधी विधवा. ती स्वतःच्या कुटुंबाबरोबर आणखी दहा-वीस पुरुषांचं जेवण करायची. हे पुरुष बहुधा तिच्याच गावचे, निदान तालुक्यातले आणि जातीतले असत. एकाच खोलीत पाळ्यांनी झोपणारे, वळकटी आणि ट्रंक एवढाच संसार असलेले लोक. गिरण्यांत सगळ्यात जास्त माणसं पाठवणारा जिल्हा रत्नागिरी (तेव्हाचा, आजचा सिंधुदुर्ग त्यातच आला), म्हणून लालबाग-परळच्या कालवणाला कोकणचा वास. महिन्याचा हिशोब, पगार झाला की पैसे. पाळीवर जायचं असेल तर डबा.

या व्यवस्थेत सगळी जोखीम बाईकडे होती हे लक्षात घ्या. वाण्याचं सामान ती आधी उधारीवर उचलणार, वेळ पडली तर दागिना गहाण टाकणार, सावकाराचं व्याज भरणार, आणि जेवणारे पैसे देणार महिन्यानंतर. संप झाला तर तेही नाही. मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना आपण पुढारी मोजतो, सभा मोजतो. पण संप किती दिवस टिकणार हे बरंचसं यावर ठरायचं की वाणी आणि खाणावळवाली किती दिवस उधारी सोसणार. प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं. गोवामुक्ती लढ्यातून आणि नंतर कामगार चळवळीतून आलेल्या या बाईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, खाणावळवाल्यांचे गट केले आणि त्यांना एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर या बायका सरकारच्या लेखी काही कामच करत नव्हत्या, त्या "गृहिणी" होत्या! वीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या गृहिणी.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हजारो गावाकडे परतले, आणि कित्येक परत आलेच नाहीत. खाणावळींचं गिऱ्हाईक एका वर्षात विरघळलं. आज तुम्ही दादर-परळला ज्या "मालवणी" हॉटेलात जाता ते त्या खाणावळीचं सरळ पुढचं रूप नाही. चव तीच असेल, पण खाणावळीत जेवणारा आणि करणारी एकाच गावचे होते. हॉटेलात जेवणारे तुम्ही-आम्ही आहोत. तिखट कुणासाठी कमी करायचं हा प्रश्न खाणावळीत यायचाच नाही.

माझ्या मते शोधाची खरी किल्ली हीच आहे. बाहेरून आलेल्या लोकांनी शहरात दोन वेगळ्या गोष्टी केल्या. आपल्या लोकांना जेवू घातलं, आणि परक्यांना खाऊ घातलं. आपण दोन्हींना "त्या समाजाचं हॉटेल" म्हणतो. इराण्याचं उदाहरण घ्या. यझ्द-केरमानकडून आलेल्या माणसांनी ही हॉटेलं काढली (कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं), पण ब्रुन मस्का, चहा, खिमा हे काही इराणातलं घरगुती जेवण नव्हे. ते मुंबईच्या कारकुनासाठी, ड्रायव्हरसाठी, कॉलेजच्या पोरांसाठी बनलेलं खाणं आहे. (इराण्यांना कोपऱ्यावरच्या जागा मिळाल्या कारण हिंदू दुकानदार त्या अशुभ मानत, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. मला ती फार गोड वाटते म्हणूनच तिच्यावर विश्वास बसत नाही. कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं, एवढं कारण पुरेसं आहे.)

उडप्याकडे हे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात. कुठल्याही स्टेशनाबाहेरचा मसाला डोसा हा परक्यांसाठी. माटुंग्याला मात्र दुसरी गोष्ट आहे. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि तिथे हळूहळू दक्षिणेकडचे कारकून, टायपिस्ट, हिशोबनीस येऊन राहिले. त्यांच्यातल्या एकट्या पुरुषांना भात-सांबार-रसम रोज लागायचं. रामा नायक यांचं १९४२ चं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही नावात "बोर्डिंग" वागवतं. तो शब्द सजावटीचा नाही. बोर्डिंग म्हणजे महिनेवारी जेवणारे मेंबर.

म्हणून माझी एक सवय झाली आहे: मेन्यू वाचण्याआधी पाटी वाचायची. "बोर्डिंग" असेल तर कधीतरी इथे महिन्याचे मेंबर होते. "लंच होम" दिसलं, विशेषतः फोर्टात, तर समजा की हे ऑफिसातल्या माणसांच्या दुपारच्या जेवणासाठी उभं राहिलं. मंगळुरी मासळीची सगळ्यात नावाजलेली ठिकाणं या नावाची आहेत ती उगीच नाही. खोताच्या वाडीतला अनंताश्रम (आता बंद) हे गोव्याकडच्या जेवणाचं ठिकाण होतं. पण गोव्याच्याच ख्रिस्ती खलाशांनी आणि स्वयंपाक्यांनी धोबीतलावच्या आसपास गावाच्या नावाने "कूड" काढले: झोपायची जागा, सामायिक चूल, गावाच्या संताचा देव्हारा. तिथे बाहेरच्याला पान वाढलं जाईल अशी सोय नव्हती. मुंबईतलं काही उत्तम गोवन जेवण कधी विकायला आलंच नाही, ते यामुळे.

आता माझ्या सिद्धांताला पडलेलं भोक. फाळणीनंतर आलेले सिंधी आणि पंजाबी एकटे पुरुष नव्हते, अख्खी कुटुंबं होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. सायन कोळीवाड्याच्या बराकीत पंजाबी राहिले. चुली सोबत होत्या, तरी खाण्याच्या गाड्या लागल्याच. का? तर इथे भूक जेवणाऱ्याची नव्हती, विकणाऱ्याची होती. जमीन-दुकान गेलेल्या घराकडे भांडवल म्हणून उरलं होतं ते हातातलं कसब. दाल-पकवान आणि छोले गिऱ्हाइकासाठी रस्त्यावर आले. आणि गंमत बघा, "प्रॉन्स कोळीवाडा" हा पदार्थ याच सायन कोळीवाड्यातल्या पंजाबी तळणीतून आला असं सांगतात. म्हणजे हॉटेलच्या मेन्यूवर कोळ्यांचं नाव आलं, तेही दुसऱ्याच्या पदार्थाला.

या सगळ्यात एक मोठी गैरहजेरी आहे. गिरण्यांत दलित कामगार हजारोंनी होते, गावाहून एकटे आलेलेही होते. माझ्या नियमाप्रमाणे त्यांच्या जेवणाची हॉटेलं आज दिसायला हवीत. ती दिसत नाहीत. आपल्या माणसांच्या घरी जेवणं त्यांनीही केलं, पण ती चूल कधी पाटी लावून रस्त्यावर येऊ शकली नाही. ज्या शहरात हॉटेलच्या पाटीवर मालकाची जात लिहिणं ही जाहिरात होती, तिथे कोणती जात लिहून गिऱ्हाईक येणार होतं आणि कोणती लिहून पळणार होतं हे सांगायला नको. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो वाचताना मला नेहमी वाटतं, हे लिहावं लागलं. कायद्याने आत बसायचा हक्क दिला. पण आत काय शिजणार, हे गिऱ्हाइकाच्या जिभेवर आणि मनावर राहिलं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे मराठवाड्यातल्या दलित जेवणावरचं पुस्तक जरूर मिळवा. त्यातले किती पदार्थ तुम्ही कधी मेन्यूवर पाहिलेत ते मोजा.

अमेरिकेतले अभ्यासक कृष्णेंदु रे यांनी 'द एथनिक रेस्टॉरंटर' (२०१६) मध्ये न्यूयॉर्कबद्दल असंच काहीसं मांडलंय: एखाद्या पाककृतीला किती भाव मिळतो हे चवीपेक्षा ती घेऊन येणाऱ्या लोकांची पत किती आहे यावर ठरतं. स्थलांतरितांची पत वाढली की त्यांच्या जेवणाचा भाव वाढतो. पण मुंबईत ही शिडी फक्त देशांची नाही, जातींचीही आहे, आणि ती चढायला दोन पिढ्या पुरत नाहीत.

तर, चांगलं कुठे मिळतं? मी आता हॉटेलांची नावं सांगत नाही, फक्त विचारते की या घडीला शहरात घर सोडून आलेले लोक कुठे राहतात. गिरणगावात आता नाहीत. कलिना-वाकोल्याला ईशान्येकडची मुलं-मुली आहेत, विमानतळापासून मॉलपर्यंत कामाला. तिकडे मणिपुरी, नागा जेवणाच्या छोट्या जागा निघाल्या आहेत. या वेळी घर सोडून आलेल्यांत मुलीही आहेत, हा मोठा फरक. झवेरी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत बंगाली कारागीर सोनं घडवतात, बरेचसे एकटे, माळ्यांवर राहणारे. त्यांच्यासाठी तिथे माशाचा झोल आणि भात शिजतो. पाटी असेलच असं नाही. विचारत जावं लागतं, आणि बाकाची जागा वाटून घ्यावी लागते. मात्र दीडच्या आत पोचा. नंतर गेलात तर डाळ-भातावर भागवावं लागतं, मासा कारागिरांनी संपवलेला असतो.