श्रीरामपूरची सामाईक कोठी : श्रम, पैसा आणि समाधान

सीमाभागात भरलेल्या धर्मशिक्षकांच्या एका शिबिरात एका वृद्ध धर्मशिक्षकांनी आम्हांस विचारले, "पाळकसाहेब, मानधन तीन-तीन महिने हाती येत नाही. घरची माणसे म्हणतात, मग हे काम करता तरी कशासाठी? त्यांना काय सांगावे?" आम्ही त्या वेळी स्वर्गीय धनाविषयी चार शब्द बोललो. बोललो ते खोटे नव्हते; परंतु ते ऐकताना त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जो नम्र असा थकवा उमटला, तो आम्हांस विसरता आला नाही. पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य ज्याचा पगार पहिल्या तारखेला होतो त्याच्या तोंडी फार सोपे असते.

म्हणून उपदेशाची वाट सोडून या लेखात आम्ही इतिहासाकडे वळत आहोत. मनुष्य कशाच्या बळावर काम करतो, त्यात पैशाचा वाटा किती आणि समाधानाचा किती, या प्रश्नांची जणू परीक्षाच पाहणारा एक प्रसंग आपल्या मंडळीच्या इतिहासात घडून गेला आहे. तो म्हणजे श्रीरामपूरचा. महाराष्ट्रातील श्रीरामपूर नव्हे. बंगालमधील, हुगळीच्या काठचे. आपल्यापैकी अनेकांच्या पदवीपत्रावर त्या गावाचे नाव छापलेले आहे. परंतु तेथील कोठीचा हिशेब आपण क्वचितच उघडून पाहतो.

जोडे आणि नीळ

विल्यम कॅरी यांचा जन्म 1761 साली इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात एका विणकराच्या घरी झाला. हा बाप पुढे गावचा शाळामास्तर झाला. मुलाने जोडे शिवण्याचा धंदा शिकला. मोल्टन येथील लहानशा बॅप्टिस्ट मंडळीचे पाळकपद मिळाल्यावरही तेथील वेतनात घर चालेना, म्हणून ते जोडे शिवीत आणि शाळाही चालवीत. या धंद्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. पुढे गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत कोणी खोचकपणे त्यांच्या जुन्या धंद्याचा उल्लेख केला, तेव्हा आपण नवे जोडे करणारे कारागीरही नव्हतो, केवळ जुने दुरुस्त करणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. आपल्या कितीतरी मंडळ्या हाताने राबणाऱ्या लोकांच्याच आहेत. त्यांच्यापुढे ही हकीकत अवश्य सांगावी.

नोव्हेंबर 1793 मध्ये कॅरी कुटुंबासह कलकत्त्यास उतरले. जवळचा पैसा लवकरच संपला. परक्या मुलखात, आजारी मुलांसह, पुढे सुंदरबनच्या दलदलीत त्या कुटुंबाने महिनेच्या महिने हालात काढले. 1794 साली मालदा भागातील मुदनाबाटी येथे जॉर्ज उडनी यांच्या निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. महिना 200 रुपये पगार, शिवाय नफ्यात काही भाग. कॅरी यांनी ताबडतोब इंग्लंडमधील संस्थेस कळविले की, आपणास आता तिच्या पैशाची गरज नाही; ती रक्कम दुसऱ्या एखाद्या क्षेत्रासाठी वापरावी. या पत्राने आनंद व्हावयाचा, तो न होता संस्थेतील काहींस चिंता वाटली की, व्यापाराच्या नादात मिशनरी बुडून तर जाणार नाही ना. कॅरी यांस हा संशय फार लागला. उत्पन्नातील आपल्या पोटापुरते ठेवून बाकी सारे ते कामावरच खर्च करीत होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. आयुष्यात प्रथमच कॅरी यांच्या हाती पुरेसा पैसा आला होता आणि हीच त्यांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाची वर्षे ठरली. त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने गेला. पत्नी डॉरथी मुळात हिंदुस्थानात यावयास राजी नव्हती. पुत्रशोकानंतर तिचे मन ढासळले, ते पुन्हा सावरले नाही. 1807 साली त्याच अवस्थेत तिचे निधन झाले. मुदनाबाटीच्या साऱ्या वर्षांत एकाही बंगाली मनुष्याने बाप्तिस्मा घेतला नाही. पगार होता, छप्पर होते. समाधान मात्र पगाराबरोबर आले नाही. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. आधीच्या महिन्यांतील अन्नान्न दशेने त्या घराचे काही भले केले नव्हते. दारिद्र्य हे आपोआप पवित्र होत नसते, ही गोष्ट डॉरथीच्या कहाणीतून आम्ही शिकावयास हवी.

कोठीचे नियम

ऑक्टोबर 1799 मध्ये जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना, विल्यम वॉर्ड आणि त्यांचे सोबती श्रीरामपूर येथे उतरले. हे गाव त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांस मिळत नसलेला आसरा तेथे मिळाला. 10 जानेवारी 1800 रोजी कॅरी त्यांना येऊन मिळाले. लागलीच त्यांनी एकत्र राहण्याचे नियम ठरविले. सर्वांचे जेवण एका पंक्तीस व्हावे. कोणीही खासगी व्यापार करू नये. प्रत्येकाची मिळकत सामाईक कोठीत जमा व्हावी आणि कोठीतून प्रत्येक कुटुंबास गरजेपुरता खर्च मिळावा. दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यातील रुसवेफुगवे बोलून मिटवावेत. 1805 साली त्यांनी कार्याची तत्त्वे सविस्तर लिहून काढली. आपला वेळ, आपली शक्ती, इतकेच काय अंगावरची वस्त्रेही आपली म्हणू नयेत, असा त्यांचा आशय होता.

या कोठीत पैसा येई तो तिघांच्या कष्टाचा. मार्शमन पतिपत्नींनी युरोपियन मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढल्या. वॉर्ड छापखाना सांभाळीत. कॅरी 1801 पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली शिकवीत. पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली. आरंभी महिना 500 रुपये असलेला पगार पुढे प्राध्यापक झाल्यावर 1000 रुपयांवर गेला. त्या काळी हा पगार मोठ्या अंमलदाराच्या तोडीचा होता. तो सारा कोठीत जाई. कॅरी यांना इतरांपेक्षा थोडा अधिक खर्च मिळे तो एवढ्याचसाठी की, महाविद्यालयात व सरकारी वाड्यात जाताना अंगावर बरे कपडे असावेत. समान वाटणी म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. प्रेषितांच्या काळच्या यरुशलेमेतील मंडळीतही वाटप गरजेप्रमाणेच होत असे.

आनंद कोठे होता

या माणसांना पहाटेपासून रात्रीपर्यंत राबविणारी प्रेरणा पगाराची नव्हती, कारण पगार हाती राहतच नव्हता. मग ती कसली होती? आमच्या मते ती कामाच्या अर्थात होती, आणि ते काम डोळ्यांपुढे आकार घेताना दिसत होते, यात होती. आपल्या भाषेपुरते पाहावे. कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूर येथे छापले गेले, त्याच वर्षी मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत निघाले, आणि 1810 साली मोडी खिळ्यांत छापलेला मराठी कोश बाहेर पडला. छापील मराठी पुस्तकाची परंपरा ज्या थोड्या ग्रंथांपासून सुरू झाली, त्यांत यांचा समावेश होतो.

हे काम तिघांचेच नव्हते, हेही सांगितले पाहिजे. महाविद्यालयातील मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांच्यावाचून कॅरी यांची मराठी उभी राहिली नसती. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने अक्षरांचे ठसे कोरले. त्याच्या पश्चात जावई मनोहर याने ती विद्या पुढे चालविली. ही मंडळी कोठीची भागीदार नव्हती. ती वेतनावर काम करीत. परंतु मनोहरसारख्याच्या हातचे काम पाहून कोण म्हणेल की, तो केवळ वेतनासाठी कोरीत होता? चोख वेतन आणि कामावरील प्रेम यांचे वैर नसते. उलट चोख वेतनामुळे ते प्रेम निश्चिंत होते.

11 मार्च 1812 रोजी संध्याकाळी छापखान्यास आग लागली. कागद, अनेक भाषांचे खिळे आणि कॅरी यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते भस्म झाली. दुसऱ्या दिवसापासूनच त्यांनी राखेतून वितळलेले शिसे उकरून काढले. ठसे बचावले होते. त्यांवरून नवे खिळे पाडून काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू केली. बातमी पोहोचताच ब्रिटनमधून थोड्याच अवधीत सुमारे 10,000 पौंड जमले. पैसा आला आणि त्याची गरजही होती. परंतु काम सुरू झाले ते पैसा येण्यापूर्वी.

कोठीला गेलेले तडे

ही कहाणी येथेच संपविली असती, तर ती व्यासपीठावर गोड लागली असती. परंतु इतिहास प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. 1815 साली इंग्लंडमधील संस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर वारले. ते श्रीरामपूरच्या माणसांना ओळखत होते. नव्या चालकांस केवळ कागद दिसत होते. मालमत्ता कोणाच्या नावे, हिशेब कोणी कोणास द्यावा, यावरून पत्रापत्री सुरू झाली. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांत कॅरी यांचे सख्खे पुतणे युस्टेसही होते. जुन्यांनी स्वेच्छेने स्वीकारलेला नियम या तरुणांस बाहेरून लादलेला वाटला. मार्शमन थाटात राहतात, असे आरोप झाले. तरुणांनी कलकत्त्यास वेगळे बिऱ्हाड केले आणि 1827 साली श्रीरामपूर व मूळ संस्था यांची फारकतच झाली. ज्यांनी आयुष्यभराची मिळकत कोठीत ओतली, त्यांच्यावरच पैशाविषयी संशय घेतला गेला.

पुढे 1830 सालापासून कलकत्त्यातील मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी निघाली. त्यांत मिशनचाही पैसा बुडाला. त्याच सुमारास महाविद्यालयातील प्राध्यापकांची पदे मोडली आणि कॅरी यांचे उत्पन्न एकदम घटले. 9 जून 1834 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रातील एक कलम आम्हांस फार बोलके वाटते. जेबेझ या मुलास इतर मुलांइतके काही देता आले नव्हते, म्हणून आपला ग्रंथसंग्रह विकून त्यातून त्याला 1500 रुपये द्यावेत, असे त्यांनी लिहून ठेवले. हजार रुपये पगार मिळविणाऱ्या बापाजवळ मुलाला देण्यासाठी पुस्तकांवाचून काही उरले नव्हते. या कलमात वैराग्य आहे, आणि एका बापाची रुखरुखही आहे. दोन्ही आपण ऐकावीत.

आपल्यासाठी

या इतिहासातून तीन गोष्टी आम्हांस दिसतात. पहिली, पैसा हा समाधानाचा झरा नव्हे. परंतु त्याचा अभाव समाधान पोखरू शकतो, आणि त्याची झळ सेवकाच्या आधी त्याच्या घरच्यांस लागते. दुसरी, त्याग हा स्वतः करावयाचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचा नसतो. श्रीरामपूरची कोठी चालली, कारण तिघांनीही आपली मिळकत आपल्या हातांनी तीत टाकली. जी मंडळी धर्मशिक्षकाचे मानधन थकविते आणि त्याला त्यागाचा धडा देते, तिने कॅरी यांचे नाव घेऊ नये. तिसरी, कोठी टिकते ती विश्वासावर, आणि विश्वास टिकतो तो उघड्या हिशेबावर व शनिवारच्या त्या बैठकीवर, जेथे मनातील सल समोरासमोर बोलून दाखविता येत असे. फुलर यांच्या पश्चात नेमके तेच समोरासमोर बोलणे थांबले होते.

त्या वृद्ध धर्मशिक्षकांस आज आम्ही निराळे उत्तर देऊ. घरच्यांना सांगा की, हे काम पैशासाठी नाही, प्रभूसाठी आहे. परंतु मंडळीच्या पंचांनाही सांगा की, कामकऱ्याला त्याची मजुरी देणे हीही प्रभूचीच आज्ञा आहे. पहिले वाक्य तुम्ही बोला. दुसरे बोलण्याचे काम आमच्यासारख्या पाळकांचे आहे, आणि ते आम्ही आजवर पुरेशा मोठ्याने बोललो नाही, हे कबूल करून हा लेख पुरा करतो.