कपबशी आणि साथ

हॉटेलातील कपबशीलाही इतिहास असतो, असे म्हटले तर वाचक हसतील. नागपूरकराने तरी हसू नये.

१९१८ च्या पावसाळ्याअखेर इन्फ्ल्यूएन्झाची साथ मुंबईकडून आगगाडीबरोबर मध्य प्रांतात शिरली. देशात ज्या प्रांतांत माणसे सर्वाधिक दगावली, त्यांत नागपूर राजधानी असलेला हा प्रांत होता. साथीच्या रोगांचा कायदा १८९७ पासून सरकारच्या हाती होताच. पण त्या काळच्या कित्येक हॉटेलांत कपबशीचा कायदा निराळाच होता. अस्पृश्य मानलेल्या माणसाचा कप वेगळा ठेवलेला असे. साथ येवो अगर जावो, तो कप वेगळाच राही. त्याला आरोग्याशी कर्तव्य नव्हते. माणूस कोण, एवढेच तो विचारी.

पुढे एक योगायोग घडला. अन्नातील भेसळीला आळा घालणारा कायदा आणि अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा कायदा, हे दोन्ही एकाच दिवशी, १ जून १९५५ रोजी अमलात आले. पहिल्याने ताटातले अन्न तपासले. दुसऱ्याने हॉटेलात प्रवेश आणि तेथील भांडी सर्वांना खुली केली. स्वच्छता आणि समता यांची अशी एका दिवशी गाठ पडली. पुढल्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

११ मार्च २०२० रोजी नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला. थोड्याच दिवसांत हॉटेलांतील बाके उलटी झाली आणि चालले ते केवळ पार्सल. ५ ऑक्टोबरपासून राज्यातील हॉटेले निम्म्या आसनसंख्येवर उघडली. दारात ताप मोजणे, टेबलांत अंतर, तोंडावर मुखपट्टी, कापडी रुमालाऐवजी कागदी. वेगळा कप पुन्हा आला, पण आता तो सर्वांसाठी होता. हा नियम माणूस कोण हे विचारीत नव्हता, तो कसा वागतो हे विचारीत होता. तरीही जुन्या खोडीला नवे निमित्त मिळण्याचा धोका होताच. घरकामाच्या बाईचा कप वेगळा ठेवणाऱ्याला आता 'आरोग्य' म्हणता येत होते.

शिवाय भीतीचे बोट चुकीच्या जागी होते. २०२० च्या जानेवारीत चीनमधील ग्वांगझू येथे एका बिनखिडकीच्या उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरील दहा जण बाधित झाले. वातानुकूलन यंत्राच्या झोताने कोंडलेली हवा तेथेच फिरत राहिली होती. दोष कपाचा नव्हता, श्वासाचा होता. जेवताना मुखपट्टी उतरवावीच लागते. म्हणून बंद दालनातल्या थाटापेक्षा झाडाखाली उभ्याने खाल्लेले तर्रीपोहे अधिक निर्धोक. ही गोष्ट आपल्याला उशिरा कळली.

१ एप्रिल २०२२ रोजी राज्यातील निर्बंध उठले. नियम गेले, ते बरे झाले. पण त्यांतले दोन ठेवावेत: खिडकी उघडी असावी आणि कप, कोणाचाही असो, नीट विसळलेला असावा.