उपपत्ती, समर्थन आणि सबब

उपपत्ती (स्त्री.; संस्कृत उप + पद्) : एखादे विधान खरे का मानावे, हे दाखवणारी तर्काची जोड. समर्थन, युक्तिवाद, कारणमीमांसा, कैफियत, खुलासा, सबब हे शब्द तिच्या आसपासचे आहेत. पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

उपपत्ती चुकली तर विधानच डळमळते. समर्थन फसले, तरी कृती होऊन गेलेली असते. म्हणून समर्थन माणसाचे, निर्णयाचे, अन्यायाचेही होऊ शकते. युक्तिवाद वकील करतो, कैफियत प्रतिवादी देतो, कारणमीमांसा निकालपत्रात येते आणि खुलासा वरिष्ठ मागवतात. सबब हा अरबी शब्द दोन टोकांना गेला आहे : सरकारी मसुद्यात वाक्यारंभीचे 'सबब' म्हणजे 'म्हणून', तर 'सबबी सांगू नकोस' यात ती खोटे निमित्त ठरते.

या भेदांचा काटेकोर विचार वाचायचा तर सोलापूरचे नाव घ्यावेच लागते. येथील जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने भावसेन त्रैविद्याचा 'विश्वतत्त्वप्रकाश' हा तर्कग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. नैयायिक अनुमानाला प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असे पाच अवयव मानतात. जैन तार्किकांनी खऱ्या हेतूचे लक्षण एकाच शब्दात बांधले : अन्यथानुपपत्ती, म्हणजे 'एरवी हे जमलेच नसते'.

सोलापूरच्या कोणत्याही यंत्रमागाच्या गल्लीत याची परीक्षा घेता येते. 'ज्याअर्थी खडखडाट चालू आहे, त्याअर्थी मागांना वीज मिळते आहे', हा हेतू टिकतो. विजेवाचून ते माग फिरलेच नसते. 'माग थांबले आहेत, त्याअर्थी वीज गेली आहे', हा टिकत नाही. सुट्टी असेल, सूत संपले असेल. अशा हेतूला अनैकांतिक म्हणतात. आपले 'ज्याअर्थी–त्याअर्थी' ही मराठीची स्वतःची आणि फार मोलाची सोय आहे. ती केवळ अधिसूचनांपुरती उरू नये.

हा भेद शब्दांपुरता नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. सरकारने बिघडलेल्या सुव्यवस्थेचे कारण दिले. पण कारण दिले म्हणजे समर्थन झाले असे नाही, आणि समर्थन झाले म्हणजे उपपत्ती मिळाली असेही नाही. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या शिक्षेची उपपत्ती सोलापूरला कधीच पटली नाही. चौघांचे पुतळे आज शहरातल्या चौकात उभे आहेत आणि तो चौक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.