लिव्हिंग क्लासरूम

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील एक शिक्षण व संशोधनपद्धती. वृद्धांच्या शुश्रूषागृहातच वर्ग भरवणे, तेथेच प्रात्यक्षिके घेणे आणि त्याच जागी काळजीवाहकांच्या कामाचा अभ्यास करणे, हे तिचे स्वरूप आहे. किचनर येथील कोनेस्टोगा हे सार्वजनिक व्यावसायिक महाविद्यालय, शुश्रूषागृहे चालवणारी ‘श्लेगल व्हिलेजेस’ ही खाजगी कंपनी आणि वॉटर्लू येथील ‘रिसर्च इन्स्टिट्यूट फॉर एजिंग’ ही ना-नफा संस्था यांच्या भागीदारीतून ती विकसित झाली. काळजीवाहक कसे घडतात, नोकरीत का टिकतात किंवा का सोडून जातात, या प्रश्नांचा शोध प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घेणाऱ्या उपक्रमांत तिला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेनुसार देशातील १९ टक्के लोक ६५ वर्षांवरील होते. ८५ वर्षांवरील लोकांची संख्या साडेआठ लाखांहून अधिक होती आणि दीर्घकालीन शुश्रूषेची गरज याच वयात सर्वाधिक भासते. १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्याने डॉक्टर आणि रुग्णालय यांच्या सेवांना सार्वत्रिक संरक्षण दिले. शुश्रूषागृहांतील सेवा मात्र त्या हमीबाहेर राहिली, त्यामुळे तिची व्यवस्था प्रत्येक प्रांताने आपापल्या परीने लावली. ओंटारिओत सहाशेहून अधिक शुश्रूषागृहे आहेत. त्यांतील काही नगरपालिकांची, काही धर्मादाय संस्थांची, तर मोठा हिस्सा खाजगी कंपन्यांचा आहे.

या गृहांतील कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण ‘पर्सनल सपोर्ट वर्कर’ असतात. त्यांना सर्रास पीएसडब्ल्यू म्हणतात. अंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे, कूस पालटणे, शौचास नेणे, उचलून खुर्चीत बसवणे ही त्यांची रोजची कामे होत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाने अचानक हात झटकला, तर त्याला कुठे दुखते आहे की त्याला भीती वाटते आहे, हे पहिल्यांदा त्यांच्याच ध्यानात येते. शिक्षण मात्र साधारण एका शैक्षणिक वर्षाच्या प्रमाणपत्राइतके. परिचारिकांप्रमाणे त्यांची सक्तीची व्यावसायिक नोंदणी होत नाही. या कामाला अंगभूत मायेचे काम समजून त्यातील कौशल्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले आणि वेतनही त्याच समजुतीने ठरत गेले.

महाविद्यालये संशोधनाकडे कशी वळली : ओंटारिओतील व्यावसायिक महाविद्यालयांचे जाळे १९६५ च्या निर्णयातून उभे राहिले. त्यात तत्कालीन प्रांतिक शिक्षणमंत्री विल्यम डेव्हिस यांचा पुढाकार होता. कोनेस्टोगाची स्थापना १९६७ ची. या महाविद्यालयांनी स्थानिक उद्योगांना लागणारी कुशल माणसे तयार करावीत आणि संशोधन विद्यापीठांनी करावे, अशी तेव्हाची विभागणी होती. केंद्र सरकारने २००७ च्या अर्थसंकल्पात ‘कॉलेज अँड कम्युनिटी इनोव्हेशन प्रोग्रॅम’ कायमस्वरूपी केल्यावर हे चित्र पालटू लागले. या योजनेत महाविद्यालयाने स्थानिक भागीदाराची अडचण हाती घ्यायची, भागीदाराने पैसा, जागा किंवा कर्मचाऱ्यांचा वेळ द्यायचा आणि उरलेला भार सार्वजनिक निधीने उचलायचा, अशी रचना आहे. आरंभी यंत्रे, अन्नप्रक्रिया, बांधकाम अशा क्षेत्रांचा वरचष्मा होता. पुढे सामाजिक विषयांसाठीही निधी मिळू लागला आणि काळजीसेवा अभ्यासाच्या कक्षेत आली. ओकव्हिल येथील शेरिडन महाविद्यालयाने तर २००३ मध्येच वृद्धांविषयीच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र सुरू केले होते.

भागीदार संस्था : वॉटर्लू विद्यापीठाचे माजी प्राध्यापक आणि श्लेगल व्हिलेजेसचे संस्थापक रॉन श्लेगल यांनी २००५ मध्ये रिसर्च इन्स्टिट्यूट फॉर एजिंगचा पाया घातला. विद्यापीठ, महाविद्यालय आणि शुश्रूषागृहे यांना जोडणारा दुवा अशी तिची कल्पना होती. २०१५ मध्ये वॉटर्लू विद्यापीठाच्या उत्तर आवारात ‘व्हिलेज अ‍ॅट युनिव्हर्सिटी गेट्स’ हे शुश्रूषागृह सुरू झाले. संशोधन, अध्यापन आणि निवास एकमेकांच्या शेजारी असावेत, हा विचार त्याच्या आखणीतच होता. कोनेस्टोगात वृद्धसेवेसाठी खास उद्योग-संशोधन अध्यासन निर्माण झाले. केंद्रीय आरोग्य संशोधन परिषद आणि श्लेगल यांचे अर्थसाहाय्य असलेले हे अध्यासन परिचर्याशास्त्रज्ञ व्हेरोनिक बॉस्कार्ट यांनी सांभाळले. प्रांतिक सरकारच्या निधीवर चालणारी दीर्घकालीन शुश्रूषेसाठीची अध्ययन, संशोधन व नवोपक्रम केंद्रे तीन ठिकाणी आहेत. टोरांटोचे बेक्रेस्ट आणि ओटावाचे ब्रुयेर यांच्याबरोबरचे तिसरे केंद्र याच वॉटर्लूच्या संस्थेत आहे.

कार्यपद्धती : रूढ पद्धतीत विद्यार्थी आधी महाविद्यालयात धडे घेतो, पुतळ्यावर सराव करतो आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस काही आठवड्यांसाठी शुश्रूषागृहात जातो. अनेकांना खरा धक्का तेव्हा बसतो. लिव्हिंग क्लासरूममध्ये हा क्रम मोडला आहे. वर्ग शुश्रूषागृहाच्या इमारतीतच असतो आणि महाविद्यालयाचे शिक्षक तेथे येऊन शिकवतात. सकाळी शिकलेली गोष्ट विद्यार्थी त्याच दिवशी मजल्यावर जाऊन पाहतो. तेथील अनुभवी पीएसडब्ल्यू त्याचे मार्गदर्शक असतात. रहिवासी आणि त्यांचे नातेवाईकही अध्यापनात भाग घेतात. आपल्याला कसे उठवलेले आवडते, कोणत्या वागण्याने अपमान वाटतो, हे ते स्वतः सांगतात. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि रहिवासी अशा चौघांच्या नात्यातून शिक्षण घडते, ही या पद्धतीची मध्यवर्ती धारणा आहे. बॉस्कार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘कॅनेडियन जेरिअ‍ॅट्रिक्स जर्नल’मध्ये तिची मांडणी प्रसिद्ध केली.

संशोधनाचा लाभ येथेच होतो. प्रश्न बाहेरून आणावे लागत नाहीत, ते पाळी बदलताना होणाऱ्या बोलण्यातून मिळतात. एखादी नवी रीत वर्गात शिकवली, मजल्यावर वापरली आणि तिचा परिणाम नोंदला, की पुढच्या तुकडीचा अभ्यासक्रम त्याप्रमाणे बदलता येतो.

संशोधनाचे विषय : पहिला विषय संघभावनेचा. ओंटारिओच्या बांधकाम-निकषांनुसार शुश्रूषागृहाचा एक विभाग जास्तीत जास्त ३२ रहिवाशांचा असतो. श्लेगलच्या गृहांत अशा विभागाला ‘नेबरहूड’ म्हणजे शेजार म्हणतात. तेथील पीएसडब्ल्यू, परिचारिका, स्वयंपाकघरातील व सफाईचे कर्मचारी यांना वेगवेगळे न शिकवता एकत्र प्रशिक्षण देण्याचा ‘नेबरहूड टीम डेव्हलपमेंट’ हा कार्यक्रम कोनेस्टोगाच्या संशोधकांनी तयार केला व तपासला. दुसरा विषय स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सेवेचा. तिसरा मार्गदर्शनाचा : उत्तम काम करणारा प्रत्येक जण उत्तम शिकवू शकेलच असे नाही, म्हणून मार्गदर्शकांनाही प्रशिक्षण लागते. प्रांतिक केंद्रांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेप एलटीसी’ कार्यक्रमाने शुश्रूषागृहांना यासाठी साहित्य व अर्थसाहाय्य पुरवले. चौथा आणि सर्वांत कळीचा विषय मनुष्यबळ टिकण्याचा.

महासाथ आणि नंतर : कोविड-१९ च्या पहिल्या लाटेत कॅनडातील सुमारे ८० टक्के मृत्यू दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील व वृद्धनिवासांतील रहिवाशांचे होते. ओंटारिओत काही गृहांमध्ये लष्कराला पाचारण करावे लागले. जुलै २०२० च्या प्रांतिक मनुष्यबळ-अहवालाने जुने दुखणे आकड्यांत मांडले. दोन किंवा अधिक वर्षांचा अनुभव असलेल्या पीएसडब्ल्यूंपैकी सुमारे चौथा हिस्सा दरवर्षी हे क्षेत्र सोडत होता. न्या. फ्रँक मॅरॉको यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने एप्रिल २०२१ मधील अहवालात अपुरे मनुष्यबळ आणि पूर्वतयारीचा अभाव यांवर बोट ठेवले. त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने ११.५ कोटी डॉलर खर्चून २४ सार्वजनिक महाविद्यालयांत ८,२०० पीएसडब्ल्यूंना विनाशुल्क जलद प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. सुमारे सहा महिन्यांच्या या अभ्यासक्रमाचा उत्तरार्ध शुश्रूषागृहातच, पगारी कामाच्या रूपात होता. कामाच्या जागी शिकण्याची कल्पना अशा रीतीने प्रांतभर पोचली. एप्रिल २०२२ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने प्रत्येक रहिवाशाला दररोज सरासरी चार तास प्रत्यक्ष सेवा मिळावी, असे उद्दिष्ट मार्च २०२५ अखेरपर्यंत गाठण्याचे ठरवले.

तत्सम प्रयोग : नेदरलँड्सच्या लिंबर्ग प्रांतात १९९८ पासून अशीच एक भागीदारी चालू आहे. मास्ट्रिख्ट विद्यापीठ, झाउड उपयोजित विद्यापीठ, व्हिस्टा व खिल्ड ही व्यावसायिक महाविद्यालये आणि वृद्धसेवा देणाऱ्या अनेक संस्था तिच्या सदस्य आहेत. प्रत्येक सेवासंस्थेला एक ज्येष्ठ संशोधक जोडलेला असतो व तो आठवड्यातून एक दिवस तेथेच काम करतो. संस्थेच्या बाजूनेही त्याच्या जोडीला एक जण असतो. जीवनाची, सेवेची आणि कामाची गुणवत्ता ही तिन्ही एकत्र मोजायची, हे तेथील सूत्र आहे. कामाची गुणवत्ता सुधारल्याशिवाय सेवेची सुधारणार नाही, हे त्यात गृहीत आहे.

मर्यादा व वाद : संशोधनाचा एक अर्थदाता स्वतः नफ्यासाठी शुश्रूषागृहे चालवत असेल, तर कोणते प्रश्न विचारले जातील, हा आक्षेप या प्रकारच्या सर्वच भागीदारींना लागू होतो. ओंटारिओत तो विशेष टोकदार आहे. नेथन स्टॉल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नफ्यासाठी चालणाऱ्या गृहांतील साथीचा फैलाव व मृत्यू अधिक आढळले; जुन्या धाटणीच्या इमारती आणि साखळी-मालकी ही त्यामागची प्रमुख कारणे दिसली. म्हणून निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य करारातच नमूद असणे आणि महाविद्यालयाच्या नीतिसमितीने प्रकल्प स्वतंत्रपणे तपासणे अत्यावश्यक आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशाच्या संमतीचा प्रश्न तर अधिक नाजूक. कुटुंबीयांनी होकार दिला, तरी त्या व्यक्तीने त्या क्षणी नकार दर्शवला तर थांबले पाहिजे. आपल्या मालकाच्या अभ्यासात सहभागी होणाऱ्या पीएसडब्ल्यूलाही नोकरीची भीती न बाळगता नाही म्हणता आले पाहिजे.

दुसरी मर्यादा वेळेची. महाविद्यालयीन शिक्षकाचा कार्यभार मुख्यतः अध्यापनाचा असतो; संशोधनासाठी त्याला तासिकांतून मोकळीक द्यावी लागते आणि तिचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो. हा खर्च परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावरही अवलंबून असतो आणि येथे भारताचा संबंध येतो. २०२३ मध्ये कॅनडातील सर्वाधिक परदेशी विद्यार्थी-परवाने कोनेस्टोगाकडे गेले आणि त्या विद्यार्थ्यांत भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा होता. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने अशा परवान्यांवर मर्यादा घातल्यावर ओंटारिओतील महाविद्यालयांचे शुल्क-उत्पन्न घटले. अनेक अभ्यासक्रम बंद झाले, कर्मचारी कमी करण्यात आले. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभी असलेली संशोधनक्षमता किती अस्थिर असते, हे त्यातून उघड झाले.

मूल्यमापन : शिक्षण आणि काम एका छताखाली आणल्याने विद्यार्थ्याची भीड लवकर चेपते, रहिवाशांना ओळखीचे चेहरे मिळतात आणि संशोधन कपाटात पडून राहत नाही. एवढे श्रेय या पद्धतीला नि:संशय जाते. मात्र कर्मचारी का जातात याचे उत्तर अहवालांनी वारंवार दिले आहे : अपुरी माणसे, अर्धवेळ नोकऱ्या, तुटपुंजे वेतन आणि झिजलेले शरीर. ओंटारिओने पीएसडब्ल्यूंची ताशी वेतनवाढ २०२२ मध्ये कायम केली, हे त्या दिशेचे पाऊल होय. ज्ञात उत्तर अमलात आणण्याऐवजी नवा अभ्यास हाती घेणे म्हणजे संशोधनाचा गैरवापर ठरेल. पीएसडब्ल्यूच्या हातातील ज्ञानाला ज्ञान म्हणून मान देणे, हे लिव्हिंग क्लासरूमचे मोठे योगदान आहे. तो मान त्यांच्या पाळीतील माणसांच्या संख्येत आणि पगारात उतरला, तरच ही भागीदारी आपला हेतू साधेल.