उताराचा इतिहास

पाणी आणि अस्पृश्यता यांचा विचार आपण महाडपासून सुरू करतो, आणि ते योग्यच आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाणी घेण्याच्या हक्काचा होता. परंतु पाण्याचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो आपल्या लेखनात क्वचितच येतो. न बोलावता घरात शिरणाऱ्या पाण्याचा तो प्रश्न आहे.

पालमला आमची वस्ती खालच्या अंगाला आहे. हा योगायोग नव्हे. मराठवाड्यातील जुने गाव डोळ्यांपुढे आणा. उंचवट्यावर गढी, तिच्याभोवती वाडे, त्याखाली बलुतेदारांच्या आळ्या. आणि गावकुसाबाहेर, बहुधा पाणी जिकडे उतरते तिकडे, महारवाडा आणि मांगवाडा. विटाळ आमच्याकडून वर जातो असे शास्त्र सांगत होते. घाण मात्र वरून आमच्याकडे येत होती.

पदवीपर्यंत पोचलेला मी आमच्या घरातला पहिला. बी.ए.ला असताना एका रात्रीच्या पावसात पुस्तकांच्या पत्र्याच्या पेटीत पाणी शिरले. वह्यांची शाई उतरली, कणगीतली ज्वारी भिजली. आई म्हणाली, "लेकरा, पाणी वरच्या आळीतून यायलंय. त्याला बी वाट आपलीच सापडती." मी तोवर पुराला निसर्गाचा कोप समजत होतो.

तो कोप नाही, हे इतिहासच सांगतो. पालम निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीच्या पुराने हाहाकार केला. राज्याने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. 1912 मध्ये नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. म्हणजे पाणी अडवण्याचे आणि वळवण्याचे ज्ञान राज्याजवळ होते, पैसाही होता. आमच्या वस्तीपर्यंत ते आले नाही. उणीव ज्ञानाची नव्हती. प्रथम कोणाचे घर वाचवायचे, हा खरा प्रश्न होता.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथील परिषदेत ओरिसाच्या नद्यांविषयी बोलले. जादा पाणी हे संकट आहे आणि ते समुद्रात घालवून मोकळे व्हावे, ही समजूतच त्यांनी चुकीची ठरवली. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवावी, असा त्यांचा आग्रह होता. नदीखोऱ्यासाठी मांडलेला हा विचार वस्तीच्या गल्लीलाही लागू पडतो.

गल्लीत तो कसा उतरवायचा याचे उदाहरण इंदूरमध्ये आहे. अभियंता हिमांशू पारीख यांनी 1980 नंतरच्या दशकात तिथल्या झोपडवस्त्यांची कामे शहराच्या नैसर्गिक उतारांशी जोडली. महत्त्वाची गोष्ट साधी होती. रस्ता घराच्या जोत्यापेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पावसाचे पाणी रस्त्यावरूनच नाल्याकडे जाते आणि खोल, महागड्या गटारांची गरज उरत नाही. 1998 मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला. पुढे देखभालीअभावी तिथल्या मैलावाहिन्यांबद्दल टीकाही झाली. तोही धडा घ्यावा. परंतु उताराचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

आपल्याकडे नेमके उलटे होते. जुना रस्ता न खरवडता त्यावर नवा काँक्रीटचा थर पडतो. आमच्या दारात रस्ता आता उंबऱ्यापेक्षा वीतभर वर आहे. विकास बाहेरून आला आणि घराचा खड्डा झाला.

हिशेब करा. 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 200 चौरस फुटांच्या पत्र्यावरून सुमारे 930 लिटर पाणी उतरते. 100 घरांचे ते 93 हजार लिटर. यातले काही पिंपात धरता येते, काही शोषखड्ड्यात जिरवता येते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाण्याची डबकी हटवली. आपली काळी माती मात्र भिजली की फुगते आणि पाणी पिणे थांबवते; म्हणून खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. उरलेल्या पाण्याला मोकळी वाट हवी, आणि काम नाल्याच्या तोंडापासून वर यावे. वरून खाली आलेले गटार खालच्याच्या दारात येऊन संपते.

गटार झाल्यावर ते उपसणार कोण? तेही काम जन्माने आमच्याच वाट्याला येणार असेल, तर स्वस्त योजना आमच्या श्रमांवर स्वस्त झाली, एवढाच तिचा अर्थ. पगार, हातमोजे, गमबूट आणि अवजारे यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर असला पाहिजे.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तो स्वागतार्हच आहे. पण पाटी बदलली म्हणून उतार बदलत नाही. तेव्हा कार्यकर्त्यांनी मागणी एकच करावी: वस्तीतल्या सर्वांत खालच्या उंबऱ्याची पातळी आधी मोजा, ती कंत्राटाच्या कागदावर लिहा, आणि रस्ता त्याच्या खाली ठेवा. मोजायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन माणसे पुरतात. माझ्या वर्गातली मुले आणि मी ही मोजणी येत्या मृगाआधी आमच्या वस्तीत करणार आहोत.