नकोशी जगे (साहित्यातील)

नकोशी जगे : कथा-कादंबरी वा नाटकातली अशी दुनिया, जिथे वाचक दोन-चार तास खिळून बसतो, पण एक रात्रही काढायला तयार होणार नाही. राजकीय स्वरूपाच्या अशा जगाला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल याने १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना याच घडणीचा शब्द वापरला होता. तरीही ही संज्ञा अपुरी पडते. सगळीच नकोशी जगे सरकार उभारत नाही. काही जगे ओळखीपाळखीची, सुशिक्षित, एरवी निरुपद्रवी माणसे उभारतात आणि मराठीतले सर्वांत असह्य जग याच माणसांनी उभारलेले आहे.

सरकारी छळाचा नमुना म्हणून जॉर्ज ऑर्वेल याच्या ‘१९८४’चे नाव हमखास घेतले जाते. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या या लेखकाची ही कादंबरी १९४९ साली आली. तिचा नायक विन्स्टन स्मिथ याच्या घरातला पडदा त्याला दिसतो आणि त्यालाही पाहतो. तो पूर्ण बंद करण्याची सोय नाही. खोली क्रमांक १०१ मध्ये प्रत्येकासाठी त्याची स्वतःची भीती तयार ठेवलेली असते. विन्स्टनसाठी ती उंदरांची. फ्रांट्स काफ्का याच्या मृत्यूनंतर १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ट्रायल’मध्ये योझेफ के. याला तिसाव्या वाढदिवशी अटक होते. गुन्हा कोणता, हे त्याला शेवटपर्यंत सांगितले जात नाही. या दोन्ही जगांत वाचकाला एक आधार असतो : शत्रू परका आहे.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) तो आधारही उरत नाही. हे जग म्हणजे एका गावातले सभागृह. मुंबईतल्या एका हौशी संस्थेची मंडळी रात्रीच्या अभिरूप न्यायालयाच्या प्रयोगासाठी तिथे उतरली आहेत. प्रयोगाला वेळ आहे, गावातल्या सामंतला कोर्टाचे काम समजावून द्यायचे आहे, म्हणून एक लुटुपुटीचा खटला चालवायचे ठरते. आरोपी म्हणून शिक्षिका लीला बेणारे यांना उभे केले जाते आणि आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा. तोवर सगळे हसत असतात.

मग हळूहळू खेळाच्या आडून खरे आयुष्य बाहेर ओढले जाते. बाई अविवाहित आहेत, त्यांना दिवस गेले आहेत, आणि पोटातल्या मुलाचे वडील प्रा. दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत. सुखात्मे वकील आहेत, पण त्यांच्याकडे अशिलांची वानवा. पोंक्षे इंटर सायन्स नापास, कर्णिक नट म्हणून अयशस्वी. ज्याच्या पदरी जे अपयश, त्याचा वचपा तो या एका बाईवर काढतो. सुखात्मे सरकारी पक्षही मांडतात आणि बचावही. न्यायाधीशाच्या खुर्चीतले काशीकर तर उठून स्वतःच साक्ष देतात. बाई निघून जायला बघतात, तेव्हा दाराला बाहेरून कडी लागलेली असते. ज्या कडीने नाटकाच्या आरंभी त्यांचे बोट दुखावले, तीच ही कडी. तेंडुलकरांच्या रचनेतली ही सर्वांत निर्दय आणि सर्वांत अचूक जागा म्हणावी लागेल.

निकाल असा की बाईंनी जगावे, पण पोटातले मूल नष्ट व्हावे. ज्या कोर्टाने भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तेच भ्रूणहत्येची शिक्षा फर्मावते. त्यानंतर सारे पुन्हा खेळीमेळीने बोलू लागतात. बाई मात्र जागच्या हलत नाहीत.

अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने हे नाटक रंगभूमीवर आणले. सुलभा देशपांडे यांची बेणारे मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमची बसली. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर केलेल्या चित्रपटातही ती भूमिका त्यांचीच होती. मूळ कल्पनेचे नाते फ्रीडरिख ड्युरेनमॅट या स्विस लेखकाच्या एका कथेशी सांगितले जाते. त्यातही जेवता जेवता करमणुकीसाठी पाहुण्यावर खटला भरतात. पण तिथला आरोपी फिरस्ता विक्रेता आहे. त्या जागी एकटी, कमावती, बोलकी स्त्री येताच गोष्ट आमूलाग्र मराठी मध्यमवर्गाची होते.

‘नकोसे जग’ या कल्पनेत एक गृहीत लपलेले असते : वाचक त्या जगाबाहेर आहे. बाबुराव बागूल यांनी ते मोडले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या त्यांच्या कथेतला दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो आणि ती उघड होताच बेदम मार खातो. ही कथा वाचणाऱ्या अनेकांना पुस्तक मिटून तिच्यातून बाहेर पडता येत नव्हते. भाड्याची खोली शोधताना त्यांना त्याच प्रश्नाला तोंड द्यावे लागत होते. याच नावाचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे १७ वे कलम तेव्हा तेरा वर्षे अमलात होते.