चार आवाजांत भरलेलं गाणं



कीपॅडच्या जुन्या मोबाईलची रिंगटोन आठवून बघा. एका वेळी एकच स्वर वाजायचा. गाणं ओळखीचं, पण साथ नाही, ठेका नाही. ताटात नुसती भाकरी वाढावी तसं. आज आम्ही त्याच जातीच्या संगीताचा इतिहास सांगणार आहोत. त्याला चिपट्यून म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरमध्ये आणि व्हिडिओ गेमच्या यंत्रांत आवाजासाठी एक लहानशी चिप असायची. तिच्यावर वाजवलेलं संगीत म्हणजे चिपट्यून. या चिपला एका वेळी तीन, चार, फार तर पाच आवाज काढता यायचे. तरीही काही जणांनी आणि काही जणींनी तिच्यातून भरलेलं गाणं काढलं. ते कसं काढलं, आणि त्या कामावर नाव कुणाचं लागलं, हे दोन्ही ऐकण्यासारखं आहे.

हा आवाज आपल्याला अगदी परका नाही बरं का. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. कॅसेट आत दाबायची, बटण लावायचं, की मारिओ टुणटुण उड्या मारत पळायला लागायचा. आपल्याकडची यातली बरीचशी यंत्रं जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राच्या नकला होत्या. म्हणजे ज्या घरात किंवा शेजारच्या दुकानात तो गेम होता, तिथल्या मुलांनी चिपट्यून मनसोक्त ऐकलेलं आहे. फक्त त्याला हे नाव आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

आधी यंत्र समजून घेऊ. फॅमिकॉम जपानमध्ये 1983 साली आलं. त्याच्याकडे पाच आवाज होते. दोन आवाज पिपाणीसारखे धारदार. ते चाल वाजवायला. तिसरा मऊ आणि गोल. तो बहुतेक वेळा खर्जाला लावत. या तिसऱ्याचा आवाज लहान-मोठा करता यायचा नाही. एक तर चालू, नाही तर बंद. चौथा म्हणजे नुसती खरखर, रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येते तशी. तिच्यातून ताल काढायचा. आणि पाचव्यावर रेकॉर्ड केलेले अगदी छोटे तुकडे वाजवता यायचे. त्याच्या एक वर्ष आधी, 1982 साली, अमेरिकेत कमोडोर 64 नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला होता. त्याची आवाजाची चिप बॉब यानेस यांनी तयार केली होती. तिच्याकडे तीनच आवाज होते, पण प्रत्येकाला निरनिराळे रंग देता यायचे. पुढे 1989 साली हातात धरून खेळायचा गेम बॉय आला. त्याला चार आवाज होते.

तुम्ही म्हणाल, गाणं सरळ रेकॉर्ड करून का नाही घातलं? जागाच नव्हती. 1985 सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा सगळा खेळ, म्हणजे चित्रं, संगीत आणि नियम मिळून, 40 किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. शिवाय हे चार-पाच आवाजसुद्धा संगीताच्या एकट्या मालकीचे नव्हते. मारिओने उडी मारली की त्या उडीसाठी एक आवाज घेतला जायचा आणि गाण्यातली तेवढी ओळ क्षणभर गळायची. संगीतकार कोजी कोन्दो यांना चाल अशी रचावी लागली, की एक जण मधूनच उठून गेला तरी भजन थांबू नये.

मग गाणं भरायचं कशानं? त्याच्या युक्त्या ऐका.

पहिली युक्ती आळीपाळीची. पेटीवर सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबल्या की एक भरलेला, एकजीव नाद येतो. चिपवर असं करायला गेलं तर तीन आवाज तिथेच खर्च होतात. मग चाल कुणी वाजवायची आणि खर्ज कुणी सांभाळायचा? यावर तोडगा असा, की एकाच आवाजाला सा, ग, प हे स्वर एकापाठोपाठ एक, भराभर वाजवायला लावायचे. किती भराभर? युरोपातल्या कमोडोरवर एका सेकंदात 50 वेळा स्वर बदलत. इतक्या वेगात कानाला तीन वेगळे स्वर कळत नाहीत. थरथरणारा एकच नाद ऐकू येतो. ब्रिटनचे रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे यांच्या संगीतात ही थरथर पदोपदी भेटते. बचत गटातल्या बायकांना हे समजावून सांगायची गरजच नाही. गटाचा पैसा तेवढाच असतो, पण तो फिरता राहिला की एकीचं बियाणं, दुसरीची शिलाई मशीन आणि तिसरीच्या मुलीची फी त्यातूनच निघते.

दुसरी युक्ती प्रतिध्वनीची. एका आवाजाने चाल वाजवायची. तीच चाल दुसऱ्याने किंचित उशिरा आणि हळू वाजवायची. देवळाच्या गाभाऱ्यात म्हटल्यासारखं वाटतं. दुसरा आवाज मोकळा नसेल तर चालीतल्या रिकाम्या जागी मागचाच स्वर हळूच पुन्हा वाजवतात. एकच आवाज स्वतःचा प्रतिध्वनी होतो.

तिसरी युक्ती म्हणजे दोन आवाजांना एकच चाल द्यायची, पण एकाचा सूर केसभर वर ठेवायचा. दोन बायका एकच अभंग म्हणतात तेव्हा त्यांचे गळे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून तर तो अभंग एकटीने म्हटलेल्यापेक्षा भरीव लागतो. इथेही तेच घडतं.

चौथी युक्ती तालाची. नुसत्या खरखरीचा ठेका पोकळ वाटतो. म्हणून त्याच क्षणी खर्जाचा आवाज वरून झर्रकन खाली घसरवतात. दोन्ही मिळून ढोलकीच्या धुमासारखा ठोका उमटतो, आणि लगेच तोच आवाज परत खर्ज धरतो. एका हाताने पोळी लाटता लाटता दुसऱ्या हाताने तव्यावरची उलटण्यासारखं आहे हे.

काही कंपन्यांनी यंत्राचीच ताकद वाढवली. सनसॉफ्ट कंपनीच्या खेळांत नाओकी कोदाका यांच्या संगीताचा खर्ज पाचव्या, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांच्या आवाजावर वाजतो. त्यामुळे तो दणदणीत लागतो आणि मऊ आवाज इतर कामांना मोकळा राहतो. कोनामी कंपनीने 1989 साली एका खेळाच्या कार्ट्रिजमध्येच जादा चिप बसवली आणि पाचाचे आठ आवाज केले. पण तोच खेळ पुढच्या वर्षी अमेरिकेत गेला, तेव्हा तिथल्या यंत्रात कार्ट्रिजचा आवाज तसा आत घ्यायची सोय नव्हती. सगळं संगीत पुन्हा पाच आवाजांत बसवावं लागलं.

आता दुसरा प्रश्न. ही कामं कोण करत होतं? गेम म्हटलं की पुरुषांचं काम, अशी समजूत असते. जपानमधल्या त्या काळच्या या खोल्यांत मात्र कितीतरी तरुण मुली बसलेल्या दिसतात. नामको कंपनीत युरिको केइनो यांनी 1982 सालच्या 'डिग डग'चं संगीत केलं. त्यात खेळणारा चालायला लागला की संगीत सुरू होतं आणि तो थांबला की थांबतं. त्याच कंपनीत जुन्को ओझावा यांनी 1984 सालच्या 'टॉवर ऑफ ड्रुआगा'ला संगीत दिलं. वाद्याचा आवाज कसा हवा हे ठरवायला त्या ध्वनीच्या लाटेचा आकार कागदावर हाताने काढत. रांगोळीचे ठिपके मोजावेत तसे बिंदू मोजून ते आकडे यंत्रात भरायचे. कोनामीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांनी 1986 साली 'कॅसलव्हेनिया'चं संगीत केलं. कॅपकॉममध्ये मानामी मात्सुमाए यांनी 1987 साली 'मेगा मॅन'चं. आजही या क्षेत्रात शिकणारी मुलं या रचना ऐकून सूर कसे वाटून द्यायचे ते शिकतात.

पण त्यांची नावं? 'कॅसलव्हेनिया'च्या शेवटच्या नामावलीत संगीतासमोर नाव येतं 'जेम्स बनाना'. ड्रॅक्युलाच्या 1958 सालच्या ब्रिटिश सिनेमाचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांच्या नावावर केलेली ती कोटी होती. 'मेगा मॅन'मध्ये मात्सुमाए यांचं नाव 'चांचाकोरिन मानामी' असं टोपणनाव होऊन आलं. त्या काळी जपानी कंपन्यांत ही रीतच होती. आपली चांगली माणसं दुसऱ्या कंपनीने ओढून नेऊ नयेत म्हणून खरी नावं झाकायची. ही रीत पुरुषांनाही लागू होती. पण परिणाम बघा. लाखो घरांत ज्यांचं गाणं वाजलं, त्या बाईच्या जागी जगाला वर्षानुवर्षं एक पुरुषाचं विनोदी नाव दिसत राहिलं.

नाव झाकलेलं होतं, तशी विद्याही झाकलेली होती. त्या काळी चिपसाठी गाणं आकड्यांत लिहावं लागे, प्रोग्राम लिहावा तसं, आणि प्रत्येकाची पद्धत स्वतःपाशी. इथे ट्रॅकरने मोठा फरक केला. 1987 साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाचा 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' हा प्रोग्राम बाजारात आला. तो अमिगा नावाच्या कॉम्प्युटरसाठी होता. त्या कॉम्प्युटरलाही चारच आवाज, पण ते रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारे. ट्रॅकरचा पडदा म्हणजे गटाची हिशोबाची वहीच समजा. चार आवाजांचे चार उभे रकाने. वेळ वरून खाली सरकते. प्रत्येक ओळीत कोणता स्वर, कोणतं वाद्य आणि त्याचं पुढे काय करायचं याचा आकडा. अशा 64 ओळींचं एक पान.

त्या आकड्यांत आपली ओळखीची गोष्ट सापडते. ट्रॅकरमध्ये स्वरापुढे 047 लिहिलं की मघाची आळीपाळी सुरू होते. शून्य म्हणजे आपला सा. तिथून पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळीने मोजल्या की चौथी पट्टी शुद्ध ग आणि सातवी प. 037 लिहिलं तर ग कोमल होतो आणि सूर उदास होतो. अमिगावाल्यांनी आणखी एक वाट काढली. तीन स्वरांचा अख्खा नादच एक तुकडा म्हणून रेकॉर्ड करायचा, म्हणजे एकाच रकान्यात तिघांचं काम.

ट्रॅकरची खरी उदारता त्याच्या फाइलमध्ये होती. गाण्याबरोबर त्याची सगळी कृतीही त्याच फाइलमध्ये जायची. कुणीही ती उघडावी, कोणत्या ओळीत काय लिहिलंय ते पाहावं आणि शिकावं. लोणच्याच्या बरणीबरोबर मसाल्याचं प्रमाणही मिळावं, तसं. वाद्यांची नावं लिहायला जो रकाना होता, त्यात मुलं वाद्यांच्या नावाऐवजी स्वतःचं नाव, गाव आणि मित्रांना नमस्कार लिहायची. नामावलीत जागा मिळेल का, हे कुणाला विचारायची गरज उरली नाही.

पुढे ही वही गेमच्या यंत्रात गेली. 1998 साली जर्मनीच्या ऑलिव्हर विटखोव यांनी गेम बॉयसाठी 'नॅनोलूप' केलं. 2000 साली स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी 'लिटल साउंड डीजे' नावाचा ट्रॅकर गेम बॉयमध्येच बसवला. मुलांच्या खेळण्यावर लोक कार्यक्रम करू लागले. चार आवाज कमी पडले तर दोन गेम बॉय तारेने जोडून आठ करायचे. एक आवाज डाव्या कानाला, एक उजव्या कानाला दिला की गाणं आणखी ऐसपैस होतं. 2005 च्या सुमारास 'फेमीट्रॅकर' आला. त्यावर फॅमिकॉमचे पाचही आवाज, आणि कोनामीची ती जादा चिपसुद्धा, साध्या कॉम्प्युटरवर फुकट वापरता येते.

2014 साली 'शोव्हल नाइट' नावाचा जुन्या धाटणीचा खेळ आला. त्याचं संगीत जेक कॉफमन यांनी याच फेमीट्रॅकरवर, त्याच जादा चिपचे आवाज घेऊन केलं. त्यातल्या दोन रचना मानामी मात्सुमाए यांच्या आहेत, आणि या वेळी त्यांचं नाव त्यांचंच आहे. 1987 पासून 27 वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, आमच्या गटांच्या पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव असतं, वजन असतं, तारीख असते. पीठ मळणारीचं नाव नसतं. त्यात कुणाचा दोष नाही, पाकीट लहान असतं. पण मात्सुमाए यांची गोष्ट कळल्यापासून आम्हाला ती रिकामी जागा दिसायला लागली आहे.

तुमच्या गावातल्या शाळेत किंवा घरात कॉम्प्युटर असेल, तर मुलींना फेमीट्रॅकर दाखवा. पेटी शिकलेली मुलगी असेल तर तिला ते लवकर जमेल. आधी एक चाल लिहायची, मग तिच्या मागे हळू प्रतिध्वनी, मग 047. आणि गाणं पुरं झालं की फाइलमध्ये रचनाकाराच्या नावाची चौकट असते. तिथे मुलीला तिचं पूर्ण नाव लिहायला सांगा.